फाटकापर्यंत

आंधळगाव
२ जानेवारी १९७७

चि. तेजराम,

पत्राच्या सुरुवातीला इकडची खुशाली लिहायची रीत आहे. ती या वेळी सोडून देते.

तुझे भाऊजी जाऊन दोन महिने होत आले. त्याच दिवशी मी तुला कार्ड टाकलं होतं. कोपरा फाडून टाकलं होतं, म्हणजे हातात घेतल्याबरोबर कळावं की मयताचं आहे. पोस्टमास्तरांनी सांगून पाठवलं, उद्या-परवा आंबागडला पोचेल. तू दहाव्याला आला नाहीस, तेरवीलाही नाही. कार्ड गहाळ झालं असेल असं मी इथे सगळ्यांना सांगितलं आहे. म्हणून हे बंद पाकीट पाठवते. पाकिटं सहसा हरवत नाहीत.

तेरवी नीट पार पडली. पाणी कुणी द्यायचं यावर थोडी बोलाचाली झाली. आपलं मूल नसलं की असं होतंच. शेवटी त्यांच्या चुलतभावाने, हिरालालने, सगळं केलं. यांच्या शाळेतले मास्तरही आले होते. एक दिवस शाळा बंद ठेवली होती.

आलेल्या बाया एकच विचारत होत्या, माहेरचे कधी येणार? आपल्या मनकर्णाकाकूच्या वेळी तिचे भाऊ बैलगाडी घेऊन आले होते, तुला आठवत असेल. तिच्या अंगावर नवं लुगडं घातलं, हात धरून फाटकाबाहेर नेलं आणि मग तिचा दुखवटा संपला. तोवर ती घरातच होती. तशी मी आहे. बाजारातलं काय हवं नको ते शेजारच्या बायजाबाई आणून देतात. अंगणातली विहीर आमची दोघींची मिळून आहे, तेव्हा पाण्याची अडचण नाही.

परवा विहिरीवर पाय थोडा घसरला. लागलं काही नाही.

शेतीची कामं आटोपली असतील. तुला सवड होईल तेव्हा बहिणीकडे ये.

तुझी बाई,
सत्यभामा


आंधळगाव
१७ फेब्रुवारी १९७७

चि. तेजराम,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. कामात असशील.

विहिरीवर पाय घसरला असं लिहिलं होतं. घसरला नव्हता. बादली ओढता ओढता गुडघेच वाकले आणि मी खाली बसले. उठता येईना. बायजाबाई येईपर्यंत तिथेच बसून राहिले. अंगणात कोंबड्या होत्या, त्यांच्याकडे बघत बसले. दुसरं काय करणार.

सरकारी नर्सबाई पोरांना लस टोचायला महिन्यातून एकदा आमच्या आळीत येतात. मंगलाबाई नाव त्यांचं. बायजाबाईंनी त्यांना हाताला धरून घरात आणलं. त्यांनी माझे गुडघे दाबून पाहिले आणि विचारलं, "किती दिवस झाले बाई, बाहेर पडून?"

मी म्हटलं, तेरवीपासून पडले नाही.

"अन् त्याच्या आंधी?"

त्याआधी वर्षभर मी यांच्या खाटेजवळच होते, ते मी सांगितलं. त्यांना दमा, रात्रंदिवस पाठ चोळायची, उशी द्यायची. पाणी आणि बाजार हिरालालची बायको बघायची.

"मंग पाय दुखून नाई राहिले तुमचे, निजून राहिले," त्या म्हणाल्या. "उठवा त्याईले."

मी गोळी मागितली. त्या म्हणाल्या, "गोळी देतो. पन गोळी काही तुमच्यासाठी चालत नाई. तुमालेच चाला लागंल."

"मला कुठे जाता येतं? दुखवटा आहे."

"फाटकाबाहीर जाऊ नोका ना. दुखवट्यात आंगनात चालाची मनाई हाय काय?"

मनाई नव्हती. कुणी कधी विचारलं नव्हतं एवढंच.

त्यांनी सांगितलं ते असं. आज खाटेपासून ओट्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. उद्या तेवढंच. परवाही तेवढंच. ते सोपं वाटायला लागलं की मगच पुढे जायचं. विहिरीतून बादली अर्धीच ओढायची, पण आपली आपण ओढायची. आणि चालताना बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली तर थांबायचं, म्हणजे जास्त झालं असं समजायचं.

मी विचारलं, "बोलू कुणाशी?"

त्या हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं आणि हसायच्या थांबल्या.

मी पाढे म्हणते. हे शाळेतून आल्यावरही ओट्यावर पोरांकडून पाढे म्हणून घ्यायचे, ते ऐकून मलाही सगळे पाठ आहेत. सुरुवातीला बाराच्या पाढ्यातच अडखळत होते. तिथेच भिंतीला धरून उभी राहायची.

माझ्या भावजयीला, सुलोचनेला, विचारलं म्हणून सांग.

सत्यभामा


आंधळगाव
२८ मार्च १९७७

चि. तेजराम,

आता ओट्यावरून उतरून तुळशीपर्यंत जाते. विहिरीला वळसा घालून परत येते. सकाळी एकदा, ऊन उतरल्यावर एकदा. बादली पाऊण भरते.

मध्ये एक चूक केली. एक दिवस फार बरं वाटलं, म्हणून वळसे घालतच राहिले आणि भरल्या बादल्या काढून सगळे माठ धुतले. दुसऱ्या दिवशी खाटेवरून पाय खाली टाकवेना. तसे तीन-चार दिवस गेले. त्या दिवसांत मला वाटलं, आता पुरे झालं. कशासाठी करायचं? मला कुठे जायचं आहे? भातही मी आता एकाच मुठीचा लावते, तोही उरतो.

मग मंगलाबाई आल्या आणि रागावल्या. "एका दिवसात पैलवान झाल्या काय बाई?" मला परत खाटेपासून ओट्यापर्यंत आणून सोडलं. पहिलीच्या पोराला परत पहिलीत बसवतात तसं वाटलं. पण तिथून पुन्हा तुळशीपर्यंत यायला या वेळी फार दिवस लागले नाहीत.

बायजाबाईंची करमणूक होते आहे. त्या कुंपणावरून ओरडतात, "काहून वं सत्यभामा, दावनीच्या गाईसारखी काहून फिरून राहिली? अन् हे पुटपुटनं कायचं? आळीतल्या बाया म्हनतेत, मास्तरीन मंत्र मारते."

"पाढे म्हणते."

"पाढे! मास्तर गेले अन् शाळा तुह्या आंगात आली काय?"

मी हसले. ते गेल्यापासून पहिल्यांदा. नंतर घरात जाऊन बराच वेळ बसले.

मतदानालाही मी गेले नाही. बायजाबाई म्हणाल्या, "मताच्या पेटीले सुतक लागते काय वं?" पण शाळा फाटकाबाहेर आहे. हे असते तर त्यांची मतदानाच्या कामावर नेमणूक झाली असती.

बायजाबाई असंही म्हणाल्या की गेल्या बाजारात तू गोऱ्हे पाहत उभा होतास. मी म्हटलं, तुमच्या डोळ्यांना आताशा कमी दिसतं. तेजराम आंधळगावला येईल आणि माझ्या घरावरून तसाच जाईल, हे होणार नाही.

सत्यभामा


आंधळगाव
१२ मे १९७७

तेजराम,

सुलोचना पत्रं वाचून दाखवत असेल. सुलोचना, हे पत्र सगळं वाच. मधलं काही गाळू नकोस.

काल आंबागडच्या विमलाबाई इथे लग्नाला आल्या होत्या, त्या मला भेटायला आल्या. मी विचारलं, माझ्या भावाला कार्ड मिळालं नाही का? त्या म्हणाल्या, "मिळालं ना बाई. त्याचाच तं राग हाय त्याले. म्हनते, सख्ख्या भावाले कार्ड धाडलं, मानूस नाई धाडला. मयताचा निरोप पोस्टमन देऊन गेला. आमी का परके आहो काय?"

आपल्याकडे जवळच्या नात्यात मयताचा निरोप माणूस घेऊन जातो, पोस्टमन नाही. हे मला माहीत नाही असं समजू नकोस. सातवी शिकले म्हणून रीत विसरले नाही.

पण तेजराम, माणूस कुठून पाठवू? घरात माणूस एकच होता, तोच गेला.

हिरालाल लाकडं आणायला गेला होता. धानाची कापणी चालू होती, आळीतले गडी शेतावर. घरात मी आणि ते. बाया जमायच्या आधी मी यांच्या उशाशी बसून ते कार्ड लिहिलं आणि पोस्टाकडे जाणाऱ्या पोरीच्या हाती दिलं. घाईत फाडताना कोपरा जास्तच फाटला. तू ते पाहिलं असशील.

पुढच्या वेळी बाजाराला आलास तर वेशीवरून वळून जायचं कारण नाही. सरळ रस्त्याने जा. मी फाटकाशी उभी राहणार नाही.

तू येईपर्यंत मी आत आहे. इथे सगळ्यांनी तेच धरलं आहे, आणि मीही धरलं आहे.

सत्यभामा


आंधळगाव
२१ जून १९७७

चि. तेजराम,

मागचं पत्र रागाने लिहिलं होतं. खोटं काही लिहिलं नव्हतं.

मी फाटकापर्यंत येते आता. ओट्यावरून उतरून, विहिरीवरून, मागची वाडी फिरून फाटकापाशी. तिथून वळून परत. असं बऱ्याचदा होतं, एकोणतीसचा पाढा संपतो तरी श्वास जागेवर असतो. बादली पूर्ण भरून काढते, बायजाबाईंचीही काढून देते. त्यांचा खांदा धरला आहे. माळ्यावर धानाच्या पोत्यांपाशी शिडीने चढून गेले होते. उतरताना पाय लटपटले नाहीत.

हे सगळं कुणाला सांगावं असं वाटतं. मंगलाबाई येतात तेव्हा त्यांना सांगते, पण त्यांना बाकीची घरं असतात. म्हणून तुला लिहिते. तू ऐकतोस की नाही, माहीत नाही.

फाटकाशी वळताना वाईट वाटतं. आधी पाय थकलेले असायचे, तेव्हा वळणं सोपं होतं. आता पाय पुढे जायला बघतात आणि मी त्यांना मागे वळवते. रस्त्यावरची पोरं बाहेरून ओरडतात, "मास्तरीनबाई, तेवीस सत्ते किती?" मी उत्तर देते आणि परत फिरते.

आमची शेती हिरालालच बघतो. पऱ्हे टाकले आहेत, धानाची रोपं चांगली उगवली म्हणतो. ती उपटून बांधीत लावायला, रोवणीला, बाया कमी पडणार असं दिसतं. बायजाबाईंनी विचारलं, "येतं काय वं रोवनीले?" मी म्हटलं, कसं येऊ? हिरालालच्या आईंनाही ते आवडणार नाही. त्या रोज विचारतात, "तुहा भाऊ का मेला काय?" मी म्हणते, असं बोलू नका.

एक ठरवलं आहे, ते तुला सांगून ठेवते. पऱ्हे उपटायला निघेपर्यंत मी वाट पाहीन. तोवर ये. काही आणू नकोस, लुगडं नसलं तरी चालेल. आलास की माझ्यासोबत फाटकाबाहेर चार पावलं चाल, मला तेवढं पुरे.

सत्यभामा


आंधळगाव
३० जुलै १९७७

चि. तेजराम,

मी रोवणीला गेले.

दुसऱ्यांच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

सकाळी नेहमीसारखी फाटकापर्यंत आले. समोरून बाया शेतावर निघाल्या होत्या, डोक्यावर पोत्याच्या खोळी घेतलेल्या. बायजाबाई मागे होत्या. मी कडी काढली. फार विचार केला नाही. केला असता तर रोजच्यासारखी वळले असते. अंगावर जुनंच लुगडं होतं, कडेला शिवलेलं.

बाया थांबल्या. सुमनबाई म्हणाल्या, "भाऊ नाई आला, तरी निघाली वं?"

 बायजाबाईच म्हणाल्या, "पाय तिचे होत, भावाचे नाईत. चाल वं सत्यभामा, नाईतं हे बाई इथंच पंचायत भरवंल."

 धानाच्या बांधीपर्यंतची वाट मी लग्न झाल्यापासून कितीतरी वेळा चालले असेन, पण या वेळी चिखलात पाऊल टाकताना भीती वाटत होती. पडले असते तर सगळ्यांनी म्हटलं असतं, बघा, रीत मोडली.

पडले नाही. पण वाकून एक ओळ लावली आणि कंबर धरली. मी बांधावर जाऊन बसले. सुमनबाई म्हणाल्या, "बस! झाली मास्तरीनची रोवनी." मी म्हटलं, आजची झाली. दुसऱ्या दिवशी दोन ओळी लावल्या. आता बायांच्या ओळीत उभी राहते, जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकते, त्यानंतर पऱ्ह्यांच्या जुड्या नेऊन देते. बाया गाणी म्हणतात. मी म्हणत नाही, अजून वर्ष झालेलं नाही. पण ऐकते.

दुपारी सगळ्यांसोबत बांधावर बसून भाकर खाल्ली. कुणीतरी माझ्या भाकरीवर चटणी ठेवली, मी वर पाहिलंच नाही कुणी ठेवली ते. माणसांत बसून जेवल्याला किती महिने झाले होते.

हिरालालची आई माझ्याशी बोलत नाही. बोलेल.

तुझी मी जेवढी वाट पाहायची होती तेवढी पाहिली. तुला दोष देत नाही. तुझा राग तुझ्याजवळ राहू दे.

सत्यभामा


आंधळगाव
९ ऑगस्ट १९७७

चि. तेजराम,

तू येऊन गेलास ते मला संध्याकाळी कळलं.

बायजाबाई त्या दिवशी खांद्यामुळे घरीच होत्या. त्यांनी जे सांगितलं ते लिहिते, चूक असेल तर कळव. तू पावसात सायकलवर आलास, मागे गाठोडं बांधलेलं होतं. फाटक उघडं पाहून आत आलास आणि हाक मारलीस. मग ओट्यावर बसलास. त्यांनी पाणी दिलं, तू घेतलं नाहीस. म्हणालास, बहिणीला लुगडं घातल्याशिवाय या घरचं पाणी घेणार नाही.

तू विचारलंस, "कोठी गेली?"

"रोवनीले."

"दुखवटा निघाल्याबिगर?"

बायजाबाईंना गप्प बसता येत नाही. त्या म्हणाल्या, "बापू, तुही वाट पाहून पाहून बाईचे पाय लाकडाचे झालते. विहिरीवर पडली, मीच उचलली. मंग तिनं थोडं थोडं चालून पाय दुरुस्त केले. तुले पत्रात लिवलं नाई काय?"

तू म्हणालास, "लिवलं होतं."

म्हणजे तू पत्रं ऐकत होतास. एवढं कळलं तरी मला बरं वाटलं.

मग बायजाबाई म्हणाल्या की शेत जवळच आहे, बोलावून आणते. तू म्हणालास, मीच जातो.

तेजराम, त्या दिवशी दुपारच्या आधी बांधावर एक माणूस छत्री धरून, सायकल टेकवून उभा होता. मी त्याला पाहिलं. मला वाटलं, तलावाचं पाणी सोडणारा पाटकरी असेल. मी पुन्हा खाली वाकले. सगळ्यांच्या डोक्यावर खोळी, सगळ्यांच्या पाठी तू उभा होतास त्या बाजूला. त्यात तुझी बहीण कोणती, हे तुला कळलं नसेल. किंवा कळलं असेल आणि चिखलात उभी असलेली, चालती-वाकती बाई पाहून हाक मारायला तुझं तोंड उघडलं नसेल. काय झालं ते मला माहीत नाही. थोड्या वेळाने पाहिलं तेव्हा बांधावर कुणी नव्हतं.

तू घरी परत येऊन गाठोडं ओट्यावर ठेवलंस आणि गेलास. बायजाबाईंनी थांब म्हटलं, तू म्हणालास, "आता कायले? तिचा दुखवटा तिनंच काढला."

मी गाठोडं सोडलं. हिरवट काठाचं लुगडं आहे, सुलोचनेने निवडलं असेल. मी ते नेसले नाही. ते भावाने खांद्यावर घालायचं असतं. मी आपल्या हाताने घेतलं तर ते बाजारातून आणल्यासारखं होईल. ते पेटीत ठेवलं आहे, तू आणलंस त्याच घडीत.

तुला वाटत असेल की आता तुझं काही काम उरलं नाही. त्या दिवशी मी घरात असते, ओट्यावर भिंतीला टेकून बसलेली असते, तर तू माझा हात धरला असतास, मी रडले असते, सगळं रीतीप्रमाणे झालं असतं. मी नव्हते म्हणून तू रिकाम्या हाताने गेलास. याचं मला वाईट वाटतं. पण बसून राहायला हवं होतं असं मला म्हणता येत नाही. मी बसून राहिले असते तर तुला हात धरून उठवायची नाही, उचलून न्यायची बहीण सापडली असती.

रोवणी दोन-तीन दिवसांत संपेल. त्यानंतरही सकाळी मी घरी नसते. तलावाच्या पाळीच्या बांधावरून फिरून येते, तेवढं आता होतं. ऊन चढायच्या आत परत येते. तू लवकर आलास तर बस, बायजाबाईंच्या हातचं पाणी घे, त्याने काही बुडत नाही. किंवा पाळीवरच ये. पाळीवर मी एकटीच असते, तिथे तुला ओळखायला अडचण पडणार नाही.

आणि मला बाहेर काढायला म्हणून येऊ नकोस. मी बाहेर आहे. नुसता ये.

तुझी बाई,
सत्यभामा